प्रतिपक्षाचा पुढारी आणि त्याचे पारखी

इस्राएलच्या विधिमंडळास क्नेसेट असें म्हणतात. त्याचे सभासद १२०. या सभागृहांत पहिलीं बरींच वर्षें एक चमत्कारिक प्रघात चालू होता. मजूरवादी मापाई पक्षाचे पुढारी व देशाचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांना समोरच्या बांकांवरील एका विशिष्ट सभासदास उत्तर द्यावयाचें असलें म्हणजे ते त्याचें नांव घेत नसत. ‘डॉक्टर बादर यांच्या शेजारीं बसणारे गृहस्थ’ एवढाच त्याचा निर्देश करीत. योहानान बादर हे हेरुत पक्षाचे सभासद होते, आणि त्यांच्या शेजारीं बसणारे गृहस्थ म्हणजे त्याच पक्षाचे पुढारी मेनाखेम बेगिन. आपल्याकडे पूर्वीच्या बायका नवऱ्याचें नांव टाळीत तें आदरामुळें. येथें नांव टाळलें जाई तें तिरस्कारामुळें. पुढें हेच गृहस्थ १९७७ सालीं पंतप्रधान झाले, आणि इस्राएलचा अरब राष्ट्राशीं झालेला पहिला शांततेचा तह १९७९ सालीं त्यांच्याच सहीनें झाला.

बेगिन यांचें समग्र चरित्र सांगण्याचा आमचा येथें हेतु नाहीं. १९४८ पासून १९७७ पर्यंतच्या २९ वर्षांपैकीं सुमारें तीन वर्षें वगळलीं तर ते सारा काळ प्रतिपक्षांत होते. त्या काळांत निरनिराळ्या गोटांनीं त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें, त्या दृष्टीस आधार कोणता होता आणि पुढील घटनांच्या कसोटीवर ती कितपत उतरली, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही करणार आहों. प्रतिपक्षाच्या पुढाऱ्यास प्रतिस्पर्धी मानावयाचें कीं शत्रु, हा प्रश्न लोकसत्ताक राज्य चालविणाऱ्या कोणत्याही देशास चुकलेला नाहीं. म्हणून ही दूरदेशची हकीकत आपणांसही सर्वस्वीं परकी वाटूं नये.

या वैराचें मूळ इस्राएलचें राज्य स्थापन होण्याच्या पूर्वीचें आहे. ज्यू लोकांच्या राष्ट्रीय चळवळींत दोन मोठे प्रवाह होते. एक मजूरवाद्यांचा; सहकारी शेतवाड्या, कामगारसंघ आणि हळूहळू वाढत जाणारी वस्ती यांवर त्याची भिस्त. दुसरा व्लादिमिर जाबोटिन्स्की यांच्या अनुयायांचा; लष्करी सामर्थ्य, राष्ट्राचा मान आणि यार्देन नदीच्या दोन्ही तीरांवरील भूमीवर हक्क, ही त्याची त्रिसूत्री. १९३३ सालीं मजूरवाद्यांचे एक प्रमुख पुढारी हाइम आर्लोसोरोफ यांचा तेल अवीव येथें समुद्रकिनाऱ्यावर खून झाला. त्याचा आरोप जाबोटिन्स्कीपंथीयांवर आला. खालच्या कोर्टांत दोषी ठरलेला इसम अपिलांत सुटला. परंतु संशय मात्र दोन्ही बाजूंच्या मनांतून सुटला नाहीं. त्या दिवसापासून हें वैर भाऊबंदकीचें झालें, आणि भाऊबंदकी परक्याच्या वैराहून अधिक कडवट असते, हें महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको.

बेगिन यांचा जन्म १९१३ सालीं ब्रेस्ट-लिटोव्हस्क येथें झाला. वॉर्सा विद्यापीठांत त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला, आणि १९३९ सालीं ते पोलंडांतील जाबोटिन्स्कीपंथी तरुणसंघाचे प्रमुख झाले. १९४० सालीं सोव्हिएट पोलिसांनीं त्यांना पकडून आठ वर्षांची शिक्षा दिली. महायुद्धाचा रंग पालटल्यावर १९४१ सालीं त्यांची सुटका झाली. आईबाप व भाऊ नाझींच्या संहारांत बळी पडले. १९४२ सालीं पोलिश सैन्याबरोबर ते पॅलेस्टाइनांत पोंचले आणि १९४३ च्या अखेरीस इर्गुन या गुप्त सशस्त्र संघटनेचे सेनापति झाले. तिनें १९४४ च्या फेब्रुवारींत इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध बंड पुकारलें.

या काळांतील दोन घटना त्यांच्या नांवाला कायमच्या चिकटल्या. २२ जुलै १९४६ रोजीं जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलांतील इंग्रजांच्या कचेऱ्यांखालीं इर्गुननें स्फोट घडविला. त्यांत इंग्रज, अरब व ज्यू मिळून ९१ माणसें मेलीं. ९ एप्रिल १९४८ रोजीं इर्गुन आणि लेही या दोन संघटनांनीं देर यासीन या अरब गांवावर हल्ला केला. त्यांत शंभरावर गांवकरी मारले गेले, व त्यांत बायकामुलेंही होतीं. या वार्तेची दहशत आसपासच्या अरब वस्तींत पसरली आणि तिनें पुष्कळांस घरदार सोडावयास लावलें. पॅलेस्टाइनी अरबांच्या दृष्टीनें बेगिन या नांवाचा अर्थ त्या दिवशीं ठरला, आणि पुढें मिळालेल्या नोबेल पारितोषिकानेंही तो बदलला नाहीं. खुद्द ज्यूंमधील पक्षोपपक्षांचीं मतें आम्ही पुढें मांडणार आहों. तीं वाचतांना हें एक मत त्या घरगुती भांडणाच्या बाहेर, पण अगदीं दाराशीं उभें होतें, याचा वाचकांनीं विसर पडूं देऊं नये.

मजूरवाद्यांच्या गोटांत बेगिन म्हणजे फॅसिस्ट, हें समीकरण रूढ झालें होतें. हा समज केवळ तेथल्यापुरता नव्हता. १९४८ च्या डिसेंबरांत बेगिन अमेरिकेस गेले असतां आल्बर्ट आइन्स्टाइन, हाना आरेन्ट इत्यादि नामांकित ज्यूंनीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्रांत एक निवेदन प्रसिद्ध केलें, व हेरुत पक्षाची संघटना आणि पद्धति नाझी व फॅसिस्ट पक्षांशीं जवळचें साम्य दाखविणारी आहे, असें त्यांत सांगितलें. बेन-गुरियन यांनीं मंत्रिमंडळाविषयीं आपला नियमच करून टाकला कीं, हेरुत आणि कम्युनिस्ट हे दोन वगळून बाकी कोणत्याही पक्षाशीं सहकार्य करतां येईल. दोन टोकांचे दोन पक्ष अशा रीतीनें एकाच वाक्यांत बहिष्कृत झाले. १९६३ सालीं एका कवीस लिहिलेल्या पत्रांत तर बेन-गुरियन यांनीं बेगिन यांची प्रवृत्ति उघड उघड हिटलरच्या मासल्याची ठरविली.

या आक्षेपांस कांहींच आधार नव्हता असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांतला सर्वांत बळकट आधार खुद्द बेगिन यांनींच पुरविला. पश्चिम जर्मनीकडून नुकसानभरपाई घेण्याचा प्रश्न १९५२ च्या जानेवारींत क्नेसेटपुढें आला. आपल्या आईबापांच्या रक्ताची किंमत घेऊन मारेकऱ्यास मोकळें करावयाचें, ही कल्पनाच बेगिन यांना असह्य होती. ७ जानेवारीस जेरुसलेमच्या झायन चौकांत त्यांनीं अत्यंत प्रक्षोभक भाषण केलें. पूर्वी आपल्यावर तोफ डागली गेली तेव्हां आपण उलट गोळी झाडूं दिली नाहीं, परंतु आतां तसा हुकूम देणार नाहीं, असा त्याचा मतलब होता. जमाव क्नेसेटच्या इमारतीवर चालून गेला; दगडांनीं खिडक्या फुटल्या; अश्रुधुराचा वास सभागृहापर्यंत आला. दोन दिवसांनीं ठराव ६१ विरुद्ध ५० मतांनीं मंजूर झाला आणि बेगिन यांना सुमारें तीन महिने सभागृहांत येण्यास मनाई झाली. निवडून आलेल्या सभेवर दगड पडले म्हणजे राज्यकर्त्यांस जुनें भय पुन्हां आठवावें, यांत नवल तें काय?

आतां त्यांच्या अनुयायांकडे वळूं. बेगिन यांनीं चौकांत ज्या तोफेचा उल्लेख केला तिची हकीकत त्यांच्या दृष्टीनें मुख्य होती. १९४८ च्या जूनमध्यें, राज्य स्थापन होऊन सवा महिना झाला होता, तोंच इर्गुनचें ‘आल्तालेना’ नांवाचें जहाज शस्त्रें व माणसें घेऊन आलें. तीं शस्त्रें कोणाच्या ताब्यांत जावयाचीं यावरून वाद पेटला. एका राज्यांत दोन सैन्यें असूं शकत नाहींत, हा बेन-गुरियन यांचा आग्रह. २२ जून रोजीं तेल अवीवच्या किनाऱ्यावर सरकारी तोफेनें जहाज पेटविलें. त्या जहाजावर बेगिन स्वतः होते. सर्व चकमकींत मिळून इर्गुनचे १६ व सरकारी सैन्याचे तीन इसम मेले. बेगिन यांनीं आपल्या लोकांस उलट लढूं नका असें बजाविलें. तत्पूर्वीं १९४४-४५ च्या हिंवाळ्यांतही मजूरवाद्यांच्या हागाना दलानें इर्गुनचीं माणसें पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केलीं होतीं, आणि तेव्हांही त्यांनीं सूड घेण्यास मनाई केली होती. जुन्या सैनिकांच्या मनांत त्यांची मूर्ति यामुळें ठसली ती अशी: ज्यानें अपमान गिळला, पण भावाचें रक्त सांडूं दिलें नाहीं, असा सेनापति.

दुसरा अनुयायिवर्ग याहून मोठा व अधिक विस्मयकारक होता. १९४८ नंतर मोरोक्को, इराक, येमेन इत्यादि देशांतून लाखों ज्यू इस्राएलांत आले. त्यांना तंबूंत व पत्र्याच्या झोपड्यांत राहावें लागलें; नोकरी, घर व दवाखाना या सर्वांसाठीं मजूरवादी कामगारसंघाचें व पक्षाचें दार ठोठवावें लागलें; आणि युरोपांतून आलेल्या अधिकाऱ्यांच्या लेखीं त्यांचे रीतिरिवाज मागासलेले ठरले. कोंकणांतून गेलेल्या आपल्या बेने इस्राएल लोकांसही या उपरेपणाची झळ लागली. ज्यांना आपल्या गांवीं शनवार तेली म्हणत आणि ज्यांच्या घरांत मराठी बोलली जाई, अशा या लोकांच्या ज्यूपणाविषयींच तेथील धर्मपीठानें विवाहाच्या बाबतींत शंका काढल्या. त्यांना चळवळ करावी लागली, आणि १९६४ सालीं ते सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, असें क्नेसेटला जाहीर करावें लागलें. हे लोक सर्वच्या सर्व बेगिन यांच्या पाठीशीं गेले असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या समाजांतील असंतोष कोणत्या जातीचा होता हें समजण्यास मराठी वाचकास एवढें उदाहरण पुरे आहे.

या असंतुष्टांना बेगिन आपले वाटले. वस्तुतः बेगिन वॉर्सांत शिकलेले वकील. उघड्या गळ्याच्या सदऱ्याचा प्रघात असलेल्या देशांत ते कोट आणि गळपट्टा घालून हिंडत, व स्त्रियांचा हात हातीं घेऊन पोलिश रीतीनें त्याचें चुंबन घेत. मोरोक्कोच्या मजुराशीं त्यांचें साम्य तें कोणतें? एवढेंच कीं, दोघांनाही एकाच प्रस्थापित वर्गानें उंबरठ्याबाहेर ठेविलें होतें, आणि हा पुढारी त्यांच्या देवाधर्माविषयीं आदरानें बोलत होता. बेन-गुरियन यांनीं नांव न घेतल्यामुळें बेगिन यांचें जें नुकसान झालें असेल त्याहून हा लाभ मोठा होता. ज्यांचीं नांवें राज्यकर्त्यांनीं कधीं विचारलीं नाहींत अशा सहस्रावधि लोकांच्या पंक्तीस त्यांनीं बेगिन यांना आपण होऊन बसविलें.

तिसरा एक गोट बहुधा विसरला जातो. तो त्यांच्याहूनही जहाल मंडळींचा. लेहीच्या जुन्या लोकांपैकीं इस्राएल एल्दाद यांच्यासारख्यांस बेगिन हे वकिली बाण्याचे मवाळ वाटत. स्वपक्षांतही सारें आलबेल नव्हतें. निवडणुकीमागून निवडणूक हरणारा पुढारी काय कामाचा, असा प्रश्न १९६६ च्या पक्षपरिषदेंत उघड विचारला गेला आणि श्मुएल तामीर यांचा गट पुढें फुटून निघाला. प्रश्न अगदींच गैरवाजवी नव्हता. हेरुतला १९४९ सालीं १४ जागा मिळाल्या, १९५१ सालीं ८, १९५५ सालीं १५, १९५९ व १९६१ सालीं १७. लिबरल पक्षाशीं युति केल्यावर १९६५ सालीं २६ आणि १९६९ सालीं पुन्हां २६. लिकुद नांवाच्या मोठ्या आघाडीस १९७३ सालीं ३९ मिळाल्या, तरीही सत्ता मिळाली नाहीं. आठ निवडणुका आणि आठ पराभव! डावीकडून पाहणारांस जो हुकूमशहा दिसत होता तोच उजवीकडून पाहणारांस दुबळा दिसत होता.

या दोन्ही मतांत न बसणारें त्यांचें एक अंग होतें, तें म्हणजे कायद्याविषयींची निष्ठा. इस्राएलच्या अरब नागरिकांवर १९४८ पासून लष्करी अंमल बसविलेला होता. तो उठवावा या बाजूनें साठीच्या दशकांत ज्यांनीं मत दिलें त्यांत कम्युनिस्ट होते, तसाच हेरुत पक्षही होता. बेगिन यांची दृष्टि अशी कीं, नागरिकावर लष्करी हुकमत हें कायद्याच्या राज्यास शोभत नाहीं. हा अंमल अखेर १९६६ सालीं लेव्ही एश्कोल यांनीं उठविला.

बहिष्काराची गांठही एश्कोल यांनींच सैल केली. १९४० सालीं अमेरिकेंत निवर्तलेल्या जाबोटिन्स्की यांच्या अस्थि इस्राएलांत आणण्याची मागणी बेन-गुरियन यांनीं मान्य केली नव्हती. एश्कोल यांनीं ती मान्य केली आणि १९६४ सालीं जेरुसलेमच्या हर्झल टेकडीवर त्यांस सन्मानानें विसावा मिळाला. १९६७ च्या मेमध्यें युद्धाचे ढग जमले तेव्हां बेगिन यांनीं एक अकल्पित गोष्ट केली: सत्ता सोडलेल्या बेन-गुरियन यांच्याकडेच पुन्हां पंतप्रधानपद सोंपवावें, असें त्यांनीं एश्कोल यांस सुचविलें. ज्यानें जहाज जाळलें आणि नांव घेतलें नाहीं, त्याच्यासाठीं! ती सूचना फळास आली नाहीं. परंतु जूनच्या आरंभीं सर्वपक्षीय मंत्रिमंडळ बनलें व बेगिन त्यांत बिनखात्याचे मंत्री झाले. १९६९ सालीं वृद्ध बेन-गुरियन यांनीं बेगिन यांना पत्र लिहिलें. आपली दिवंगत पत्नी पौला हिला तुमच्याविषयीं आदर होता, मार्गाविषयीं आपला विरोध कायम असला तरी व्यक्तिशः द्वेष नव्हता, आणि अलीकडे जसजसा परिचय वाढला तसतसा आदरही वाढला, अशा आशयाचें तें पत्र आहे. १९७० सालीं अमेरिकेच्या तडजोडीच्या योजनेवरून बेगिन मंत्रिमंडळांतून बाहेर पडले आणि पुन्हां आपल्या जुन्या बांकावर जाऊन बसले.

१९७७ च्या मार्चांत भारतांत काँग्रेसची केंद्रांतील ३० वर्षांची सत्ता गेली, हें आपणांस ठाऊकच आहे. दोनच महिन्यांनीं, १७ मे रोजीं, इस्राएलांतही तसेंच घडलें. १९७३ च्या युद्धांतील गाफीलपणा, त्यांत पडलेले अडीच हजारांवर सैनिक, पाठोपाठ उघडकीस आलेलीं लांचलुचपतीचीं प्रकरणें आणि पत्नीच्या परदेशी बँकेंतील खात्यामुळें पंतप्रधान रबीन यांची माघार, या सर्वांचा भार मजूरपक्षास पेलला नाहीं. लिकुदला ४३ जागा मिळाल्या, मजूरपक्षाच्या आघाडीस ३२. दूरचित्रवाणीवर निकाल सांगणाऱ्यानें त्यास ‘महापाख’ म्हणजे उलथापालथ असें म्हटलें, आणि तोच शब्द इतिहासांत रूढ झाला. बेगिन यांनीं परराष्ट्रमंत्री नेमले ते प्रतिपक्षाच्या गोटांतले, मोशे दयान. हेच दयान त्या ऑगस्टांत गुप्तपणें भारतांत येऊन पंतप्रधान मोरारजी देसाई यांना भेटून गेले. पूर्ण राजनैतिक संबंध मात्र १९९२ सालींच जुळले.

आतां कसोटीचा क्षण आला. ज्यास युद्धखोर म्हणत त्याच्या निमंत्रणावरून ईजिप्तचे अध्यक्ष सादात १९७७ च्या नोव्हेंबरांत जेरुसलेमला आले. १९७८ च्या सप्टेंबरांत कँप डेव्हिड येथें करार झाला. सारें सिनाई परत देण्याचें ठरलें. क्नेसेटमध्यें ८४ अनुकूल, १९ प्रतिकूल आणि १७ तटस्थ अशीं मतें पडलीं. बेगिन यांना तारलें तें मजूरपक्षानें. त्यांच्याच पक्षांतले मोशे आरेन्स विरुद्ध गेले, सभापति यित्झाक शामीर तटस्थ राहिले, आणि गेउला कोहेन यांनीं पुढें वेगळा पक्ष काढला. तीस वर्षें ज्यांनीं त्यांना ओळखल्याचा दावा केला ते दोन्ही गोट त्या रात्रीं चुकीचे ठरले.

तथापि येथेंच थांबून जुन्या टीकाकारांस सर्वस्वीं खोटें पाडणें सोपें असलें तरी खरें होणार नाहीं. सिनाई देणाऱ्या हातानेंच यार्देनच्या पश्चिम तीरावर वसाहती झपाट्यानें वाढविल्या; पॅलेस्टाइनी लोकांस कबूल केलेली स्वायत्तता कागदावरच राहिली. १९८२ सालीं लेबाननवर स्वारी झाली, आणि त्या सप्टेंबरांत साब्रा व शातिला येथील निर्वासितांची कत्तल इस्राएलच्या मित्र असलेल्या लेबानी टोळ्यांनीं इस्राएली सैन्याच्या नजरेखालीं केली. चौकशीमंडळानें सरकारच्या अप्रत्यक्ष जबाबदारीवर बोट ठेविलें; बेगिन यांच्या उदासीनतेवरही ठपका आला. १९८३ सालीं त्यांनीं राजीनामा दिला व १९९२ सालीं मृत्यु येईपर्यंत ते एकांतांत राहिले. तेव्हां टीकाकारांचें भय व्यर्थ नव्हतें. चूक झाली ती त्या भयालाच संपूर्ण माणूस समजण्यांत.

याचें प्रत्यंतर अगदीं अलीकडे मिळालें. १९७९ सालीं एलोन मोरे येथील वसाहत हलविण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें दिला, तेव्हां पंतप्रधान बेगिन यांनीं तो मानला. २०२३ सालीं त्यांच्याच लिकुद पक्षाच्या सरकारनें न्यायालयाचे अधिकार कमी करण्याचा घाट घातला, त्या वेळीं रस्त्यावर उतरलेल्या विरोधकांनीं न्यायालयाचा रक्षक म्हणून बेगिन यांचा दाखला दिला. ज्यांच्या वडीलपिढीनें त्यांचें नांव टाळलें, त्यांतलेच पुष्कळ आतां तें नांव आधारास घेऊं लागले. हीही निवडच आहे, आणि पहिल्या निवडीप्रमाणेंच अपुरी आहे.

मग या इतिहासांतून घ्यावयाचें काय? आमच्या मतें श्रेय दोन्ही बाजूंस थोडें थोडें आहे. बेगिन एकदां चौकांत ताल सोडून बोलले, परंतु त्यानंतर पंचवीस वर्षें प्रत्येक पराभवानंतर ते सभागृहांत परत आले आणि आपल्या संतप्त अनुयायांनाही त्यांनीं त्याच वाटेनें आणलें. बेन-गुरियन यांनीं त्यांना हिटलरच्या पंक्तीस बसविलें, परंतु त्यांच्या पक्षावर बंदी घातली नाहीं, त्यांचीं मतपत्रें कमी मोजलीं नाहींत. प्रतिपक्षाच्या पुढाऱ्याविषयीं गोटागोटांत जीं मतें बनतात तीं बहुधा त्या त्या गोटाच्या भयाचीं आणि आशेचीं मापें असतात. माणसाचें माप त्यांनीं होत नाहीं. तें होण्यास काळ लागतो, व तो काळ मिळावा म्हणून सभागृहांतील तें एक बांक शाबूत ठेवावें लागतें. इस्राएलांत तें शाबूत राहिलें, म्हणूनच शेजारच्या बांकाच्या खुणेनें ओळखला जाणारा गृहस्थ बंदुकीनें नव्हे, तर मतांनीं सत्तेवर आला.